तीट

हल शहर, हेसल रोड. एप्रिल. नऊ अंश.
दहाच्या खाली लेप लावायचा नाही,
म्हणून मी परांचीवर पाय सोडून बसलेय
पाच माणसांच्या समोर, जी चाळीस वर्षं
विटांच्या भिंतीवर एकच जाळं ओढतायत.

डेस हार्करनं ती चौऱ्याऐंशी साली काढली,
घरं रंगवून उरलेल्या डब्यांतून.
पुढे कुणीतरी भल्या मनानं
वर चकचकीत वार्निश फासलं.
ते आता जुन्या नखासारखं पिवळं झालंय,
आणि भिंतीतला ओलावा भिंतीतच कोंडतंय.
बोट टेकवलं की पापुद्रा हलतो.
पहिल्या माणसाचा कान गेल्या हिवाळ्यात
फुटपाथवर सापडला.
तो पाकिटात आहे माझ्याकडे, नंबर घालून.

नवा लेप कोळंबीच्या सालांचा.
खरंच. सालं धुऊन, उकळून, त्यातलं काहीतरी
पाण्यात विरघळवतात,
वास येतो पुसटसा व्हिनेगरचा.
रेवदंड्याला आई ती सालं
माडाच्या आळ्यात टाकायची,
आणि दुपारभर मांजरं आळं उकरायची.
मी तेव्हा नाक दाबून पळायचे.
आता त्याच सालांवर प्रबंध लिहून
हेल्मेट घालून बसलेय, थर्मामीटर बघत.

दुधावर साय धरते तितकाच जाड थर.
पाऊस बाहेर ठेवतो, वाफ जाऊ देतो.
सात वर्षं टिकेल, फार तर आठ,
मग नुसत्या कोमट पाण्यानं निघेल.
कौन्सिलच्या बैठकीत एकानं विचारलं,
निघणारच असेल तर लावायचं कशाला?
मी म्हटलं, तुम्ही कोट काढताच ना घरी गेल्यावर.
मिनिटांत याची नोंद नाही.

साडेअकराला खालून हाक आली.
ईनिड गार्बट, वय एकोणऐंशी, चाकांची पिशवी,
थर्मासभर चहा.
"चौथा माझा बाप," म्हणाली.
"बुडाला नाही हं. सगळ्यांना वाटतं बुडाला.
स्वयंपाकघरात गेला, शर्यतीचे निकाल ऐकताना."
मग नाक वर करून,
"तुला चिप्सच्या दुकानाचा वास येतोय, बाळ."

मी तिला काढलेलं वार्निश दाखवलं,
कापसाच्या बोळ्यांवरचा तपकिरी चाळीस वर्षांचा धूर.
आणि खालून उघडलेला निळा,
जो बघून ती काहीच बोलली नाही.
मग चौथ्या माणसाच्या गालाकडे बोट:
तिथे एक गोल, मळकट डाग,
बशीएवढा, वार्निशच्याही खालचा.
माझ्या आराखड्यात 'मळ, काढणे' असा लिहिलेला.

"तो राहू दे. तो इयनचा चेंडू.
रंग ओला होता तेव्हाच मारलान.
डेस शिव्या देत गल्लीभर धावला,
आणि मग म्हणाला, असू दे, म्हाताऱ्याला खळी आली."

इयन आता कुठे असतो, मी विचारलं नाही.
तिनं कपाचं झाकण नीट लावलं,
एकदा काढलं, परत लावलं.

दुपारी पारा अकरावर गेला.
वारा हंबरकडून, पण कोरडा.
मी रुंद ब्रश घेतला, पातळ हात दिला,
जाळं, कोपर, गमबूट, पाण्याची ती फसलेली लाट.
चौथ्याच्या गालाशी आले
आणि डाग तसाच ठेवून वरून लेप ओढला,
एका दमात, ब्रश न उचलता.

अहवालात रकाना असतो: मूळ, नंतरचं, नुकसान.
चेंडू कशात घालू?
पेन्सिलीनं मी मराठीत लिहिलं 'तीट',
पर्यवेक्षक बाई उद्या विचारतील हे काय.
सांगीन काहीतरी. काजळाचं, बाळाचं, लोकांच्या नजरेचं.

खाली ईनिड अजून उभी होती,
भिंत वाळते कशी ते बघत.